फेकतो तो!

टेलरमास्तरांच्या पित्ताशयातले खडे एकदाचे निघाले. डॉक्टर खाटेशी येऊन म्हणाले, "सगळं छान झालंय. उद्या घरी." एवढं ऐकल्यावर माणसानं स्वस्थ पडून राहावं की नाही? पण मास्तरांचं नशीबच फुटकं.

दाराबाहेरच्या बाकावर मुलगा आणि जावई बसले होते. दोघांचं एरवी पटत नाही, पण दवाखान्यात बसून माणूस करणार तरी काय? विषय निघाला वेगवान गोलंदाजांचा. जावयाचं म्हणणं, अॅक्शन असावी ती त्या जुन्या उंच गोलंदाजाची. डावा खांदा फलंदाजाकडे, हात कानाला घासून सरळ वर. मुलानं मास्तरांच्या लाडक्या गोलंदाजाचं नाव घेतलं मात्र, जावई उसळला. त्याचं कोपर वाकतं म्हणे! नेमकं तेव्हाच नर्सनं दार उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

"फेकतो तो! सरळ सरळ फेकतो!"

"हळू बोला भाऊजी. बाबांचा फार विश्वास आहे त्याच्यावर."

"म्हणून तर त्यांच्या तोंडावर कोणी बोलत नाही."

"कळलं तर हाय खातील हो."

आत खाटेवर मास्तरांनी कान टवकारले. म्हणजे डॉक्टर फेकतोय! उद्या घरी म्हणे. कसलं घर आणि कसलं काय, आपला खेळ आटोपला.

त्यांनी सूप परत पाठवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं बायको डबा घेऊन आली.

"काय हो, दुखतंय का?"

"बस इथे. जायच्या आधी मन मोकळं करतो."

"कुठे जायच्या?"

"तुमच्या घरी तुला बघायला आलो होतो ना, तेव्हा मला तुझी धाकटी बहीण पसंत पडली होती. वडिलांनी तुला होकार दिला, मी काय बोलणार? पण तू संसार नेटका केलास हो. माफ कर मला." मास्तर ढसाढसा रडले.

बायको रडली नाही. तिनं डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

हुंदके ऐकून मुलगा आणि जावई धावत आत आले. मास्तरांनी डॉक्टरच्या नावानं बोटं मोडली तेव्हा सगळा घोटाळा उघड झाला.

"अहो मामा, मी बोलरबद्दल बोलत होतो!" जावई कपाळ बडवून म्हणाला. "तुम्हाला काऽही झालेलं नाही!"

मास्तरांनी हळूच बायकोकडे पाहिलं. मरणाला ते तयार झाले होते, याला नव्हते.

संध्याकाळी डॉक्टर आले. "काय मास्तर, चेहरा का उतरलाय? उद्या घरी जायचंय."

"डॉक्टर," मास्तर काकुळतीला आले, "चार दिवस ठेवून घ्या की हो. अजून बरं वाटत नाही."

"उद्या तरी कशाला?" बायको म्हणाली. "यांना आजच सोडा. धाकटीला बोलावून घेतलंय मी, घरी वाट बघत बसलीय."