चुरीकाका आणि ढिली झाकणं

रविवार, सकाळी दहा. सोसायटीची तातडीची सभा, जिन्याखाली, मीटरच्या खोलीसमोर. हजर: अध्यक्ष पाटील, खजिनदार सावेवहिनी, सचिव म्हणून मी, आणि ज्यांच्यामुळे सभा बोलवावी लागली ते तिसऱ्या मजल्यावरचे चुरीकाका. मुंग्याही मोठ्या संख्येने हजर होत्या, पण त्या सभासद नसल्यामुळे त्यांची नोंद घेतली नाही.

विषय एकच होता. चुरीकाका मधात आलं आंबवतात. घरात हवा खेळत नाही म्हणून त्या बरण्या ते जिन्याच्या वळणावरच्या कट्ट्यावर मांडतात. त्यातली एक उतू गेली. मध पायऱ्या उतरत उतरत माझ्या उंबऱ्यापर्यंत आला आणि त्याच्या मागून मुंग्यांची वरात.

"काका, खुलासा करा," पाटील म्हणाले.

"सांगून काय कळतं? चला, दाखवतो," असं म्हणून काका जिना चढायला लागले.

मी सांगते, ही सभा होती. सभेत माणसं बोलतात. पण आमची सभा त्या माणसामागून तीन मजले वर गेली, त्यात पाटलांचा गुडघा होता आणि सावेवहिनींचा दम होता. वर पोचल्यावर काकांनी पाटलांना एका बरणीसमोर उभं केलं.

"हात लावा."

पाटलांनी झाकणाला हात लावला.

"ढिलं हाय ना?"

"आहे."

"मग झाकणाचा दोष नाय. मध जास्त पडला. पातळी दिसली नाय मला." इतकं बोलून त्यांनी जमिनीवरचा मध पुसायला घेतला. सभा संपली असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

चुरीकाकांची ही खोड बोईसरमध्ये पुष्कळांना ठाऊक आहे. हा माणूस काही सांगत नाही. दाखवतो. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात उभी हयात गेली, आता निवृत्त आहेत, काकू गेल्यापासून एकटे असतात. पार्सलवाला पोरगा एखादा पत्ता विचारतो, आपण हात करून वाट दाखवतो, मोकळे होतो. काका त्याच्या मोटारसायकलवर मागे बसतात. "बोलने से क्या, चलो," म्हणतात आणि त्या घराच्या कडीला त्याचा हात लागेपर्यंत सोडत नाहीत. मग उन्हातून चालत परत. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठला, असं मी एकदा खिडकीतून विचारलं. साधा प्रश्न. मला गच्चीवर नेऊन त्या व्हॉल्व्हला हात लावायला लावला. मी तेव्हा कणीक मळत होते. हाताची कणीक त्या व्हॉल्व्हवर कित्येक दिवस होती.

आल्याची कृती विचारण्याचा भोळेपणाही मी केला. मला कागदावर उतरवून घ्यायची होती. साहित्य, प्रमाण, क्रम. माझं घर याद्यांवर चालतं आणि नीट चालतं. काका म्हणाले, "लिवू नका. या."

स्वयंपाकघरात ते कारखान्यातले जाडे बूट घालून उभे होते आणि डोळ्यांवर कामाचा चष्मा. आलं पालघरजवळच्या माहीमचं, पुतण्याच्या वाडीतलं. "ह्याला धागा हाय. बाजारातल्याला नुसतं अंग." सालीसकट धुऊन, कपड्यावर पसरून, अगदी कोरडं झाल्यावर चकत्या करायच्या. बरणी वरपर्यंत भरायची नाही. मध कच्चा, जव्हारकडून येणारा, न तापवलेला. दुकानातला मध त्यांना चालत नाही. "तो मेलेला. त्याच्यात काय उठणार?" मध चकत्यांवर यायला हवा, झाकण ठेवायचं पण आवळायचं नाही. रोज एकदा आवळून बरणी उलटीपालटी करायची आणि लगेच झाकण परत ढिलं. आल्याचं पाणी सुटतं, मध पातळ होतो, बारीक बुडबुडे वर येतात. "बघा, श्वास घेतंय. कोंडलं तर फुटंल."

ही सगळी विद्या त्यांना कारखान्यात मिळाली असं वाटत असेल, तर तसं नाही. नातीने फोनवर व्हिडिओ दाखवला होता. तो व्हिडिओही त्यांनी मला सांगितला नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवला.

असो. सभेने ठराव केला, बरण्या जिन्यातून हलवाव्यात. ठराव लेखी देण्याचं काम अर्थातच माझ्याकडे. संध्याकाळी मी वर गेले तर दार उघडं होतं आणि फोनवर त्यांची मुलगी वापीहून बोलत होती. आवाज सगळ्या जिन्याला ऐकू येत होता.

"बाबा, डॉक्टरांची तारीख परत पुढे ढकलली? मोतीबिंदू पिकलाय तुमचा. अजून थांबलात तर अवघड होईल असं ते बोलले ना?"

"बरण्या कोण बघंल?"

"फेकून द्या त्या."

काकांनी फोन ठेवला. मला बघून म्हणाले, "या, सेक्रेटरीबाई. खुर्ची घ्या." खुर्चीच्या जागी त्यांनी स्टूल सरकवलं.

तेव्हा मात्र माझा संयम सुटला. मी म्हटलं, "काका, कमाल आहे तुमची. डोळा घालवताय तुम्ही चार बरण्या आल्यासाठी. मागच्या आठवड्यात पालघर स्टँडवर एसटीची पाटी न दिसल्यामुळे तुम्ही मनोरच्या ऐवजी एडवणला गेलात, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. ऑपरेशन करा, मुलीकडे महिनाभर राहा. बरण्या मी बघते. काय करायचं ते सांगा, मी लिहून घेते."

"सांगून नाय जमायचं."

"का नाही जमायचं? मी काय खुळी आहे?"

"खुळा तो पण नव्हता," काका म्हणाले.

मग जे बोलले ते त्यांनी कामाचा चष्मा पुसत पुसत सांगितलं. हो, सांगितलं. माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

"रमेश वरठा. नवीन होता. माझी शिफ्ट संपली, त्याची सुरू. आमची बस सुटत होती. मी लांबनंच ओरडलो, रमेश, तो डावीकडचा व्हॉल्व्ह उघडा ठेव. तो हो बोलला. नेऊन हात लावून दाखवायला पायजे होतं. त्याने उघडला, पण दुसरा."

"मग?"

"मग काय. जिवंत हाय. मनोरच्या पुढे पाड्यावर ऱ्हातो. छातीत वायू गेला. सलग बोलता येत नाय त्याला, खोकला चढतो. डॉक्टरची औषधं चालू हायेत. हे आलं-मध घेतलं की घसा ओला ऱ्हातो, रातची झोप लागते म्हणतो. मी नेऊन देतो. ह्या खेपेला एडवणला गेलो, तर त्याचं राह्यलं."

ठरावाचा कागद माझ्या हातात होता. मी तो त्यांच्या फळीवर, डब्याखाली ठेवला. ठराव देणं माझं काम होतं आणि ते मी केलं. बरण्या मात्र मी माझ्या मागच्या गॅलरीत नेते असं सांगितलं, म्हणजे जिनाही मोकळा आणि तारीखही पुढे जायला नको.

"हात लावाल?" त्यांनी विचारलं.

"लावते."

एकेक बरणी. आवळा, उलटा, सरळ करा, ढिलं करा. मी करत होते आणि ते शेजारी उभे राहून माझ्या बोटांकडे बघत होते, म्हणजे जेवढं त्यांना दिसत होतं तेवढं. "परत." मी परत केलं. "परत." माझ्या घरी आमटी आटत होती. मला इतका राग कधी आला नव्हता आणि तो नेमका कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

शुक्रवारी मुलगी गाडी घेऊन आली. काका बूट घालून माझ्या दारात उभे राहिले. रमेशची बाटली त्यांनी भरून आणली होती, कापड बांधून.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडे. आलो की आपण दोघं जाऊ. वाट दाखवीन."

"महिना लागेल तुम्हाला यायला. तोपर्यंत तो माणूस खोकत बसेल? वाट सांगा, मी जाते."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि उतरून गेले. खाली मुलगी हॉर्न वाजवत होती. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. मनोरच्या पुढे किती पाडे आहेत आणि त्यांत किती रमेश वरठा असतील, याचा काही विचार?

ऑपरेशन मंगळवारी झालं. बुधवारी दुपारी फोन आला.

"झाकणं?"

"ढिली आहेत. हात लावून बघितली."

"बरं." मला वाटलं, आता फोन ठेवतील. मग ते म्हणाले, "लिवून घ्या."

मी पेन्सिल घेतली. मनोरच्या नाक्यावर उतरायचं. पुलाच्या अलीकडून उजवीकडे. शाळेनंतर वाट फुटते. तिथे ते थांबले. "डावीकडची," म्हणाले. "डावी म्हणजे बाई, तुमी शाळेकडे पाठ करून उभ्या ऱ्हायलात तर, ज्या हातात बांगडी कमी असते तो हात."

"दोन्ही हातांत सारख्याच आहेत काका. पण डावी कळली."

"परत सांगा."

मी सांगितलं.

"परत."

मी परत सांगितलं, आणि या वेळी माझा आवाज चढला नाही. त्यांच्या मुलीने मागून विचारलं, बाबा, डोळ्याला हात का लावताय, पाणी येतंय का. काका मला म्हणाले, "त्याच्या दाराला हात लागला की फोन करा. आधी नको."

आज गुरुवार. मुंग्या आता माझ्या मागच्या गॅलरीत आहेत, त्यांच्यासाठी हळदीची रेघ ओढली आहे, तिचा उपयोग होत नाही. बाटली पिशवीत घालून दारामागे अडकवली आहे. सकाळच्या मनोर गाडीने निघायचं होतं, ती आज आलीच नाही. उद्या जायचं आहे.