परतीचा सॅल्यूट

एक गोष्ट आधीच छातीठोकपणे सांगून टाकतो. माझ्यासारखा कडक सॅल्यूट ठोकणारा माणूस या भागात दुसरा नाही! असेल तर आणा समोर! सव्वीस वर्षं सैन्यात काढली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. गल्लीतले लोक मला मेजर म्हणतात. मी मेजर कधीच नव्हतो, पण लोकांना एवढ्या प्रेमाने चूक करायची असेल तर आपण कशाला आड यावं?

निवृत्तीनंतर घरी बसणं काही जमेना. स्वयंपाकघरातले डबे मी उंचीप्रमाणे रांगेत उभे केले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, कुठेतरी नोकरी धरा, नाहीतर मी माहेर धरते." म्हणून सिक्युरिटीत शिरलो. पहिली नोकरी दवाखान्यात. ती आठवड्यात गेली. भेटायला येणाऱ्यांना मी डावा-उजवा करत एका रांगेत चालायला लावलं होतं, एवढंच! दुसरी एका मोठ्या दुकानात. तिथली गिऱ्हाइकं मला बघून परस्पर शेजारच्या दुकानात जायला लागली. आणि ही तिसरी, एका कंपनीच्या फाटकावर. सात दिवस बघणार, मग पक्कं करणार.

"ही गेली तर माझ्या भावाच्या कापडाच्या दुकानात," बायकोने बजावलं. "मुकाट्याने बसायचं आणि तागे उलगडून दाखवायचे!"

मेहुण्याच्या हाताखाली? जो भर लग्नात मला म्हणाला होता, "भाऊजी, जरा हसा की, फोटो काढतायत"? छे! ही नोकरी जाऊ द्यायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

पण पहिल्याच दिवशी मॅनेजरने मला हुकूम सोडला. "आत येणाऱ्या प्रत्येक गाडीला सॅल्यूट. त्यासाठीच फौजी माणूस मागवलाय."

"मारतो," मी म्हणालो. "पण समोरच्यानेही परत मारायचा. तोवर माझा हात खाली येणार नाही. आमच्या कवायतीच्या उस्तादांची शिकवण आहे."

मॅनेजर खो खो हसला. त्याला वाटलं, मेजर विनोदी आहेत.

दुसऱ्या दिवशी हसू मावळलं. हिशेब विभागातल्या मॅडम स्कूटरवरून आल्या. मी टाच आपटली, सॅल्यूट ठोकला. थांबताना पायाशी ठेवलेला डबा कलंडला, तो त्यांनी उजव्या हाताने धरला, म्हणून डावा हात वर केला.

"डाव्या हाताचा चालत नाही, मॅडम!"

"अहो, डबा सांडेल!"

"मग मी थांबतो."

बिचाऱ्यांनी डबा सीटवर ठेवला, सॅल्यूट केला, मग मी फाटकाचा आडवा दांडा उचलला. तोवर गाड्यांची रांग पार कोपऱ्यापर्यंत! पण चौथ्या दिवसापर्यंत सगळे तयार झाले. सगळ्यांत झकास सॅल्यूट सफाईवाल्या मावशींचा. झाडू काखेत, पाठ ताठ, नजर समोर! मी त्यांना रोज मारायचो. मॅनेजर तणतणत आला.

"त्यांना कशाला? त्यांच्याकडे गाडी कुठंय?"

"सॅल्यूट माणसाला असतो, साहेब. टायरला नाही!"

सातव्या दिवशी सकाळी मी घरात आरशासमोर सराव करत होतो. बायको माझा डबा भरत होती. म्हणाली, "सव्वीस वर्षं अख्ख्या पलटणीला सॅल्यूट ठोकलेत. मला एकदा तरी ठोकलात का?"

"तुला? तुला रँक कुठंय?"

तिने डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

फाटकावर मॅनेजर घामाघूम उभा. "आज मोठे साहेब येतायत. कडक सॅल्यूट हवा. त्यांना आवडला तर नोकरी पक्की. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"परतीच्या सॅल्यूटचं सांगितलंय ना त्यांना?"

"मोठ्या साहेबांना? मला माझी नोकरी नको झालीय का?"

बरोबर दहाला काळी गाडी आली. मी टाच अशी आपटली की चौकीची काच थरथरली. सॅल्यूट ठोकला! पण सिक्युरिटी एजन्सीने दिलेली टोपी मला दोन मापं मोठी. ती सरकून भुवयांवर आली. समोरचं दिसावं म्हणून मी हनुवटी वर केली आणि डोळे ताणले.

मोठे साहेब मागच्या सीटवर फोनवर बोलत होते. परत सॅल्यूट नाही. म्हणून माझा हात तिथेच. म्हणून दांडाही तिथेच!

ड्रायव्हरने हॉर्न मारला. मॅनेजर धावला. "दांडा उचला, मेजर!"

सावधानमध्ये ओठ हलवायचे नसतात. मी गप्प.

"अहो, बटण दाबा!"

बटणाच्या पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. त्याने खिशाकडे हात नेला. पहाऱ्यावरच्या जवानाच्या खिशाला हात? मी असे डोळे वटारले की तो दोन पावलं मागे सरला.

आता ड्रायव्हर खाली उतरला. त्याने मला नीट न्याहाळलं. कपाळाशी हात, मान वर, डोळे ताणलेले. त्यानेही मान वर केली.

"वर काय दिसतंय हो यांना?"

झालं! मागच्या गाड्यांतले लोक उतरले. सगळे गच्चीकडे बघायला लागले.

"टाकी हलतेय!"

"टाकी नाही, धूर आहे तो!"

कुणीतरी आत धावलं आणि धोक्याची घंटा वाजवली. तीनशे माणसं धडाधडा जिने उतरून बाहेर आली. मॅडम डबा पोटाशी धरून आल्या. पाठोपाठ आगीचा बंब ठणठणत आला आणि गाड्यांच्या रांगेत अडकला.

मला सगळं दिसत होतं. हात भरून आला होता. मानेवर मुंगी चालत होती. डोळ्यांसमोर मेहुण्याचे तागे एकेक करून उलगडत होते. हात खाली घ्यायला काय लागतं? पाव सेकंद! पण घेतला असता तर तो हात पुन्हा कोणत्या तोंडाने वर केला असता? नाही घेणार! काय करायचं ते करा!

बंबाचा अधिकारी धापा टाकत आला. "आग कुठंय?"

सगळ्यांनी वेगवेगळीकडे बोटं दाखवली. तेवढ्यात मावशी गर्दीतून पुढे घुसल्या.

"आग नाही न काही नाही! मेजरांनी सॅल्यूट मारलाय. समोरचा परत मारेपर्यंत त्यांचा हात खाली येत नाही. सगळ्या कंपनीला माहीत आहे!"

"कुणाला मारलाय?"

तीनशे माना काळ्या गाडीकडे वळल्या. मोठे साहेब लालबुंद होऊन उतरले. "मी? याला सॅल्यूट करू?"

"करून टाका, साहेब," अधिकारी म्हणाला. "आम्हाला दुसरीकडेही जायचं असतं."

साहेबांच्या उजव्या हातात फोन. त्यांनी डावा हात वर केला आणि तीनशे माणसं एका सुरात ओरडली, "डाव्या हाताचा चालत नाही!"

साहेबांनी फोन खिशात टाकला. उजव्या हाताने सॅल्यूट केला. कोपर जरा पडलं होतं, पण पहिला म्हणून मी सोडून दिलं. हात खाली घेतला, किल्ली काढली, दांडा उचलला. "या साहेब!"

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. मॅनेजर खाली मान घालून बसला होता. मी छाती पुढेच ठेवली.

"मी मालक आहे हे माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"होय सर."

"तरी मला बावीस मिनिटं अडवलंत?"

"चोवीस, सर."

साहेब मॅनेजरकडे वळून म्हणाले, "जो मला सोडत नाही, तो चोराला काय सोडणार? पक्कं करा यांना. फक्त मला पुन्हा सॅल्यूट मारायचा नाही!"

ताठ मानेने घरी आलो. बायको कपडे धूत होती, कोपरापर्यंत साबण. दारातच तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता सकाळचं ते झाकण आठवलं आणि मलाच माझी लाज वाटली. मावशींना रँक विचारली नव्हती मी. हिलाच विचारली. टाच जुळवली आणि बायकोला सॅल्यूट ठोकला. आयुष्यातला सगळ्यांत कडक!

तिचे डोळे भरून आले. तिने सावकाश हात पुसले. मग विचारलं, "मी परत मारेपर्यंत हात खाली येणार नाही ना?"

"नाही!"

"नक्की?"

"सैनिकाचा शब्द!"

"मी सव्वीस वर्षं थांबले," ती चपला घालत म्हणाली. "तुम्ही थोडं थांबा. भावाला तुमच्या नोकरीचं सांगून येते."

तर मंडळी, हे सगळं तुम्हाला सांगतोय ते दारातच उभं राहून. सावधानमध्ये बोलायचं नसतं, ठाऊक आहे, पण ओठ न हलवता सांगतोय! कापडाच्या दुकानाकडे कुणी जात असाल तर तिला एवढा निरोप द्या. म्हणावं, हात अजून वरच आहे. आणि जमलं तर, जरा लवकर ये म्हणावं.