प्रगती आढळून आल्याबाबत

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीमागे जो नाला वाहतो, त्याच्या पलीकडच्या वस्तीतील एकतीस मुलांना शिकवायला एक शिक्षिका पुरत नाही, असा अर्ज सीमंतिनीबाईंनी समितीकडे सलग सहा वर्षे केला. सातव्या वर्षी समितीने त्याची गंभीर दखल घेतली आणि शाळेला दुसरा शिक्षक न देता परदेशी स्वयंसेवक द्यावेत, असा ठराव एकमताने मंजूर केला.

समिती कॉलनीतल्या मराठी मंडळींची होती आणि शाळा समितीच्याच सभागृहात भरे. खोली एक, फळा एक, बाई एक. अध्यक्ष पांडुरंगराव. त्यांचे पूर्वज दरबारात कारकुनी करत. ते स्वतः पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, पण त्यांची सही अजून निवृत्त झाली नव्हती.

"शिक्षक म्हटला की पगार आला," ते बैठकीत म्हणाले. "स्वयंसेवकाला नुसता हार. आणि परदेशी असला तर हारासकट फोटो."

परदेशी स्वयंसेवक पुरवणाऱ्या एका संस्थेचं कार्यालय इंदरगंजात होतं. तिथून गरिमा नावाची समन्वयक आली. ती ग्वाल्हेरच्याच मराठी घरातली, त्यामुळे तिची वाक्यं मराठीत निघत आणि पोहोचेपर्यंत हिंदी होत.

"मॅडम, तुम्ही बिलकुल टेन्शन नका घेऊ. दर पंधरा दिवसांनी नवीन व्हॉलंटियर येणार. तुमचं काम तर आधं होऊन जाईल."

"पण पंधरा दिवसांत मुलांचं काय होणार?" बाईंनी विचारलं.

"मुलांचं नाही मॅडम. प्रोग्रॅम व्हॉलंटियरचा आहे."

गरिमाच्या कच्च्या मराठीमुळे हे वाक्य उलटं झालं असावं, असं बाईंना वाटलं. ते अगदी सरळ होतं, हे कळायला त्यांना चार महिने लागले.

पहिली आली ती नेदरलँड्सची आनेके. उंच, हसरी, मनाने निर्मळ. तिने प्रत्येक मुलाला नाव विचारलं, स्वतःचं सांगितलं, मग नाक-कान-डोळ्यांचं इंग्रजी शिकवलं, दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर मोठं झाड रंगवलं आणि शुक्रवारी निरोप घेताना हमसून हमसून रडली. मुलंही रडली. बाईंचेही डोळे भरून आले. सोमवारी वेल्सहून ओवेन आला. त्याने प्रत्येक मुलाला नाव विचारलं, नाक-कान-डोळे शिकवले, झाडावर देवमासा रंगवला आणि शुक्रवारी रडला.

आठ महिन्यांत अशा पंधरा तुकड्या झाल्या. मुलांचं इंग्रजी कपाळापासून कोपरापर्यंत अस्खलित झालं. त्याखाली मात्र ते उतरलं नाही, कारण गुडघ्यापर्यंत पोहोचेतो पंधरवडा संपत असे. भिंतीवर रंगाचे इतके थर चढले की खोली चारी बाजूंनी थोडी लहान झाली.

वर्गात सगळ्यांत हुशार होती रामश्री. वय वर्षे अकरा. बाप खाणीत दगड फोडायचा, आई कॉलनीत चार घरची धुणीभांडी करायची. एखादा नवा पाहुणा दारात गांगरून उभा राहिला की ती बाईंच्या कानाशी येऊन सांगे, "दीदी, इनको बता दो, आज नाम वाला दिन है. दीवार अगले बुधवार को." लहान मुलांचा मात्र गोंधळ उडे. एकदा तर सहा वर्षांच्या एकाने भर गणिताच्या तासाला गंभीरपणे विचारलं, "दीदी, रोना आज है कि कल?"

सहाव्या तुकडीला भिंतीवर जागाच मिळाली नाही, तेव्हा त्यांनी फळ्यावर इंद्रधनुष्य काढलं, पक्क्या रंगाने. बाई जमिनीवर खडूने शिकवू लागल्या. ते पाहून आठव्या तुकडीतल्या एका मुलीचं काळीज हललं. तिने फोटो काढून मायदेशी पाठवले आणि महिन्याभरात तिच्या गावच्या लोकांकडून नवा कोरा फळा आला. सुटा, पाय आणि स्क्रूसकट. तो जोडून उभा करताना तेव्हाच्या तुकडीला जे समाधान लाभलं, ते त्यांनी अभिप्रायात तीन पानं लिहिलं. शनिवारी गरिमाचा फोन आला.

"मॅडम, फळा खोलून डब्यात ठेवा. सोमवारी नवी बॅच येतेय, त्यांना पण लावायचाय."

"मग शिकवायचं कशावर?"

"शिकवणं चालूच ठेवा ना. फक्त फळा काढायचाय."

तेव्हापासून फळा दुसऱ्या बुधवारी उभा राही आणि शनिवारी डब्यात जाई. पांडुरंगरावांनी त्यासाठी वेगळी नोंदवही घातली. पंधरवड्यातले तीन दिवस शाळेला फळा होता, ही गोष्ट त्यांनी वार्षिक अहवालात 'शैक्षणिक सुविधा' या मथळ्याखाली घेतली.

इथवर सारं सुरळीत होतं. घोटाळा रामश्रीने केला. पुढच्या एका तुकडीतल्या सद्गृहस्थाने फळ्यावर वजाबाकी मांडली आणि हातचा घ्यायला विसरला. रामश्रीने हात वर केला, पुढे गेली, अतिशय आदराने उत्तर पुसलं आणि बरोबर लिहिलं. गृहस्थ हसला, तिला शाबासकी दिली. पण जाताना अभिप्रायाच्या कागदावर 'इथे आपली गरज आहे असे वाटले का?' या प्रश्नापुढे त्याने प्रामाणिकपणे लिहिलं: फारशी नाही.

त्याच दिवशी गरिमा धावत आली आणि संध्याकाळी तातडीची बैठक झाली.

"रेटिंग एकदम नीचे गेलंय," गरिमा म्हणाली. "व्हॉलंटियर इतक्या दूरून येतो आणि मुलांना आधीच येतं! त्याला किती वाईट वाटत असेल, सोचा."

पांडुरंगरावांनी चष्मा पुसला आणि ठराव सांगितला. प्रत्येक तुकडीच्या आगमनापूर्वी विद्यार्थ्यांनी पूर्ववत अवस्थेत यावे. आधीच्या पंधरवड्यात काही शिकणे घडले असल्यास ते पाहुण्यांसमोर आणू नये. याची जबाबदारी शिक्षिकेवर राहील.

सीमंतिनीबाई आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. त्यांनी ठरावाखाली सही केली, घरी आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला रामश्री आणि आणखी पाच मुलींना आपल्या स्वयंपाकघरात बोलावू लागल्या. तिथे गजकेच्या, म्हणजे तीळगुळाच्या, वडीचे तुकडे करून अपूर्णांक चालत. तीन चतुर्थांश बरोबर सांगितले की ते खायला मिळत. उत्तर चुकलं तर वडी बाई खात. पहिल्या आठवड्यात बाईंचं वजन वाढलं, तिसऱ्या आठवड्यात मुलींचं. मग दहाला मुली शाळेत जात आणि 'माय नेम इज' ऐकून चकित होत. रामश्री इतकी सुंदर चकित होई की संस्थेने तिचा तोच चेहरा माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापला.

बाईंच्या मनात एक बेत होता. जिल्ह्याच्या सरकारी निवासी शाळेत सहावीला प्रवेश मिळतो. परीक्षा कठीण, पण पार पडली तर बारावीपर्यंतचं राहणं, जेवण, शिक्षण सारं फुकट होतं. रामश्रीचं वय या वर्षापुरतंच अटीत बसत होतं. अर्जावर शाळाप्रमुखाची, म्हणजे समितीच्या अध्यक्षांची, सही लागणार होती. बाई अर्ज घेऊन पांडुरंगरावांकडे गेल्या.

"रामश्री?" ते दचकले. "अहो, ती पत्रकाच्या पहिल्या पानावर आहे. ती गेली तर पत्रक खोटं पडेल."

"पास झाली तर शाळेचं नाव होईल."

"नाव आहेच. उलट पास झाली तर लोक विचारतील, यांना मदत कशाला हवी? पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही."

"मग तर प्रश्नच मिटला," पांडुरंगराव म्हणाले आणि त्यांना खरोखर हलकं वाटलं.

त्या आठवड्यात बाईंना अन्न गोड लागलं नाही. शुक्रवारी नेहमीप्रमाणे प्रमाणपत्रांचा गठ्ठा सहीला न्यायचा होता. 'भारतीय शिक्षणक्षेत्रातील मोलाच्या योगदानाबद्दल' अशी इंग्रजी प्रमाणपत्रं पांडुरंगराव एका बैठकीत, वर न पाहता उरकत. बाईंनी आठव्या आणि नवव्या प्रमाणपत्राच्या मध्ये रामश्रीचा अर्ज घातला. एक, दोन, पाच, आठ. मग पेन थांबलं.

"हे हिंदीत का आहे?"

"शासकीय आहे," बाई म्हणाल्या.

तो शब्द ऐकताच पांडुरंगरावांचं पेन आपोआप चाललं. शिवाय त्यांनी खाली शिक्काही मारला.

परीक्षा नेमकी पुढच्या निरोपाच्या दिवशी आली. रामश्री भल्या सकाळी बापाबरोबर केंद्रावर गेली. इकडे कॅनडाच्या दोन बायकांना हार घातले गेले, भाषणं झाली आणि मुलं रांगेत उभी राहिली. रडण्याची खूण नेहमी रामश्री करायची. ती नव्हती. मुलं एकमेकांकडे पाहत राहिली आणि कुणी रडलंच नाही. दोघी पाहुण्या कोरड्या डोळ्यांनी स्टेशनवर गेल्या. त्या तुकडीचा अभिप्राय संस्थेच्या इतिहासातला सर्वांत कमी ठरला.

दीड महिन्याने निकाल लागला. रामश्री उत्तीर्ण झाली. बाई यादीपुढे उभ्या राहून ते नाव तीनदा वाचत राहिल्या आणि मग रस्त्यातच खाली बसल्या. स्थानिक वर्तमानपत्रात शाळेच्या नावासह दोन ओळी आल्या. चौथ्या दिवशी समितीला संस्थेचं पत्र मिळालं. विषय: आपल्या केंद्रात प्रगती आढळून आल्याबाबत. सदर केंद्रातील विद्यार्थी शिकत असल्याचे निदर्शनास आले आहे, असे प्रकार इतरत्रही घडत असण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब केंद्राची मान्यता रद्द करून स्वयंसेवक अन्य गरजू ठिकाणी वळवण्यात येत आहेत.

समितीने बाईंना नोटीस दिली: विद्यार्थिनी उत्तीर्ण कशी झाली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. बाईंनी त्याच कागदाच्या मागे एकच शब्द लिहिला: 'शिकवल्यामुळे.' समितीला हा खुलासा उद्धट वाटला, पण खोडून काढता येईना. शेवटी सभागृह लग्नकार्यांसाठी मोकळं करावं असं ठरलं आणि शाळा आपोआप संपली.

रामश्री निवासी शाळेत जायला निघाली तेव्हा बाई बसस्टँडवर गेल्या होत्या. पत्र्याची ट्रंक, नवी चप्पल, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या. बस सुटता सुटता तिने खिडकीतून विचारलं, "दीदी, वहाँ बाहर के लोग तो नहीं आते?"

"नहीं आते."

"तो नाम एक ही बार बताना पड़ेगा," ती म्हणाली आणि त्या कल्पनेनेच हसली. बस वळेपर्यंत बाई हात हलवत राहिल्या. त्या दिवशी कोणी फोटो काढला नाही.

वस्तीत रामश्रीच्या बापाने अंगणात मुलांना बसायला दगड मांडून दिले आणि घराच्या भिंतीत काळ्या दगडाची फरशी चुन्याने पक्की बसवली. तिला स्क्रू नव्हते. शाळा तिथे सुरू झाली. पुढच्या वर्षी परीक्षेला बसायला आणखी चार मुली तयार होत्या. मुलं आता चाळीस झाली होती आणि बाई अजून एकच होत्या. म्हणून एका रविवारी सकाळी त्या कॉलनीत घरोघर निघाल्या. मागणं एवढंच, आठवड्यातून एक तास.

सर्वांनी आदराने बसवलं, चहा दिला. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, असं तीन घरांत ऐकायला मिळालं. चौथं घर प्रांजलीचं. तिचा मुलगा शंतनु बारावी झाला होता, गणितात पहिला.

"ताई, तो तर फार बिझी आहे हो," प्रांजली म्हणाली. "टांझानियाला चाललाय ना, दोन हफ्त्यांसाठी. तिकडच्या गरीब मुलांना शिकवायला. बाहेरच्या कॉलेजात अ‍ॅडमिशनला लागतं ते."

"काकू, मला ना, ग्राउंड रिअ‍ॅलिटी बघायचीय," शंतनु मनापासून म्हणाला.

"परत आल्यावर येशील? नाल्यावरचा पूल ओलांडला की तीन मिनिटं."

"नाल्यापलीकडे?" प्रांजलीने मुलाच्या दंडावर हात ठेवला. "तिथे डास किती आहेत! तो आजारी पडला म्हणजे?"

त्या दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. पीतज्वराची लस त्याने कालच घेतली होती. ती आफ्रिकेतल्या डासांपुरतीच होती.

बाईंनी शंतनुला शुभेच्छा दिल्या, कप खाली ठेवला आणि पुढच्या घराची घंटी वाजवली. आत टीव्ही चालू होता. पडदा बोटभर सरकला. मग टीव्हीचा आवाज बंद झाला, पंखा बंद झाला, आणि घरात कुणीच नाही अशी शांतता पसरली. बाई दारात बराच वेळ थांबल्या. आतल्यांनीही तितका वेळ श्वास रोखून धरला.