एकसष्टावा बेडूक

"आर्लन! आगविझवे चार होते ना आपल्याकडे? फाइलीत एकच दिसतोय!"

मारिटने स्वयंपाकघरातून हे विचारलं तेव्हा आर्लन दाढी करत होता. त्याने लगेच हनुवटी कापून घेतली.

"एक? मग एकच असेल," तो म्हणाला. उरलेले तीन त्याच्या कोटाच्या खिशात होते.

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या या लिंडक्विस्ट जोडप्यातली मारिट काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवते आणि आर्लन लोकांना चष्मे बसवून देतो. हिवाळ्याचे सहा महिने मात्र दोघं हार्डवेअरच्या दुकानाखालच्या तळघरात ड्रॅगन, भुतं आणि यंत्रं यांचे पत्ते खेळतात. डेक साठ पत्त्यांचा. त्यातले आठ-दहा काउंटरचे, म्हणजे समोरच्याच्या पत्त्यावरचा उतारा. त्याच्या ड्रॅगनने आग ओकली की आपण विझवायची, त्याने भूत उठवलं की आपण थडगं झाकायचं. कुठला उतारा घ्यायचा हे समोरचा काय आणणार त्यावर अवलंबून. ते कळायला बाकीच्यांना चार ठिकाणी कान लावावे लागतात. या दोघांच्या घरात पत्त्यांची फाइल एकच होती आणि तिच्यातला रिकामा कप्पा लांबूनही दिसायचा.

रविवारी अंतिम सामना होता आणि बाकी सगळे हरून बसल्यामुळे तो नवरा-बायकोतच होता. जिंकेल तो मिलवॉकीच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. हरेल तो घरी राहणार, आणि नेमके त्याच शनिवार-रविवारी ऑर्विल मामा मुक्कामाला येणार. ऑर्विल मामा म्हणजे मारिटचे सख्खे मामा. माणूस देवासारखा, पण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते प्रत्येक जेवणात तो गुडघा नव्याने उघडायचे, फोटोंच्या अल्बमसकट. गेल्या वर्षी दोन दिवस बोलून ते जेमतेम वाटीपर्यंत पोचले होते.

तर, आगविझवे गायब म्हणजे आर्लनला आपल्या ड्रॅगनचा वास लागला, हे मारिटने ओळखलं. तिने ड्रॅगन काढले आणि भुतं घेतली. संध्याकाळी आर्लनने फाइल उघडली तर भुतांचा कप्पा रिकामा. त्याने चार यंत्रं डेकमधून काढून थडगंझाके भरले. शुक्रवारी मारिटला थडगंझाके दिसेनात, म्हणून तिने भुतंही काढली आणि झाकण उघडणारे पत्ते घेतले. मग आर्लनने झाकण उघडणाऱ्याला अडवणारे घेतले. शिवाय बायकोला चकवायला म्हणून त्याने सगळी यंत्रं मोज्यांच्या खणात लपवली. मारिटला ती मोजे ठेवताना सापडली, आणि हा चकवा आहे हे ओळखून तिने चकव्यावरचाही उतारा घेतला.

रात्री जेवताना बटाट्याच्या हॉटडिशची वाफ मधे होती, तेवढाच काय तो आडोसा.

"जरा मीठ दे," आर्लन म्हणाला.

"कशाला? भुतांवर टाकायला?"

"कुठली भुतं? तू भुतं काढलीस ना?"

"तुला कसं कळलं मी काढली ते?"

आर्लनने पुढचं सगळं जेवण अळणी खाल्लं.

एक उतारा आत गेला की एक राक्षस बाहेर, असं करता करता शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही डेकमध्ये औषधालाही राक्षस उरला नाही. मारिटने साठ पत्ते मोजले आणि डबी बंद केली. आर्लनचे एकसष्ट भरले.

नियमाने हे चालतं. साठाहून कमी नकोत, जास्त कितीही. पण तळघरात एकसष्ट पत्ते घेऊन येणं म्हणजे लग्नात दोन पायांत दोन वेगळे बूट घालून जाणं. ज्याला शेवटचा एक पत्ता काढायचा निर्णय घेता येत नाही, त्याला तिथे वर्षभर 'एकसष्ट्या' म्हणतात. आर्लनने एकेक उतारा हातात घेऊन पाहिला. हा काढला आणि नेमकं तेच आलं तर? राहता राहिला बेडूक. ताकद एक, गुण शून्य. अकरा वर्षांपूर्वी याच तळघरात एका अनोळखी मुलीने "घे, मला नकोय हा," म्हणत तो त्याच्या हातावर ठेवला होता. पुढे त्या मुलीशी त्याचं लग्न झालं. तेव्हापासून बेडूक डेकमध्ये होता. आर्लनने तो टेबलावर काढून ठेवला, एक कॉफी घेतली आणि तो परत आत सरकवला.

रविवारी दुकानाची मालकीण आणि पंच ग्रेटा हिने पत्ते मोजले. "एकसष्ट? आर्लन, तू?"

तळघर खदखदून हसलं.

"निर्णय घ्यायचं त्याला जमतच नाही गं," मारिट म्हणाली. "मला मागणी घालायला चार वर्षं लावली याने."

नाणेफेक तिने जिंकली. "तू आधी घे पत्ता," ती गोड हसून म्हणाली. आर्लनला तिथेच शंका यायला हवी होती.

त्याने पत्ता ओढला. आगविझव्या. आग नव्हती. "पास."

मारिटने झाकण उघडणारा ओढला. झाकण नव्हतं. "पास."

पंचवीस मिनिटं हेच चाललं. दोन अग्निशामक दलं समोरासमोर उभी आणि आग लावायला कुणी नाही. बघ्यांपैकी तिघं डोनट आणायला गेले, खाऊन आले, तरी पासच.

"अरे, कुणीतरी काहीतरी करा!" ग्रेटा ओरडली.

"तिने काही केलं की मी लगेच अडवतो ना!"

"मी कशाला करू? हा अडवायलाच बसलाय!"

ग्रेटाने नियमांचं पुस्तक उघडलं. ज्याच्या पाळीला ओढायला पत्ताच उरत नाही, तो हरला. मारिटने हा हिशोब घरीच करून ठेवला होता: साठाला साठ, आर्लन आधी ओढणार, म्हणजे आधी संपणार. तिने निवांतपणे आपला साठावा पत्ता उचलला. मग ती समोर बघून थबकली. आर्लनपुढे अजून एक पत्ता पालथा पडला होता. त्या एकसष्टाव्याला ती हसली होती, पण हिशोबात त्याला धरायला विसरली होती.

त्याने तो उलटून टेबलावर ठेवला. बेडूक.

मारिटच्या हातात आगीवर, भुतांवर, यंत्रांवर, सगळ्यांवर उतारे होते. बेडकावर एकही नव्हता. आणि ओढायला पत्ता नव्हता.

"हा अजून आहे तुझ्याकडे?" तिचा आवाज बारीक झाला.

"तूच दिलेलास."

"गाढव आहेस," ती म्हणाली, आणि सगळ्यांदेखत डोळे पुसले. बायको रडली म्हणून आर्लनला वाईट वाटलं, पण मिलवॉकी सोडण्याइतकं नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मारिटने त्याला हॉटडिशचा डबा बांधून दिला, गालाचा मुका घेतला, गाडीवरचा बर्फसुद्धा स्वतः झाडला. आर्लन शीळ घालत गाडीपाशी गेला आणि त्याने दार उघडलं.

आत पट्टा लावून, एक पाय लांब करून ऑर्विल मामा बसले होते. मांडीवर अल्बम होता.

"ये, जावईबापू! मारिट म्हणाली, मिलवॉकीला साडेसहा तास लागतात. म्हटलं, यंदा तरी वाटीच्या पुढे जाता येईल."

आर्लनने वळून पाहिलं. मारिट दारात उभी राहून कॉफी पीत होती.

"एकसष्ट पत्ते घेतलेस," ती तिथूनच म्हणाली, "मामांवर एक तरी घ्यायचास!"

"पट्टा लाव रे," मामा म्हणाले आणि त्यांनी अल्बमचं पहिलं पान उघडलं. "सुरुवातीपासून सांगतो."