पूजेला बसलेली फ्लॉपी

परीक्षक दुपारी येणार, तत्पूर्वी संगणकावर नवी प्रणाली चढवून ठेवावी, असे दत्तोबांनी ठरवले. जुनी उत्तम चालत होती, पण उत्तम चाललेले पाहवत नाही असा एकेकाचा पिंडच असतो.

सूनबाई स्वरूपाने बारामतीच्या घरातील पुढच्या खोलीत संगणकवर्ग काढला होता. दोन संगणक तारेने जोडलेले दिसले, की मान्यता मिळणार होती. आणि मान्यता मिळाली, की पहिला तास सासऱ्यांनी शिकवायचा, असे तिने कबूल केले होते. दूधसंघातून निवृत्त झाल्यापासून दत्तोबांचे घरात कोणी ऐकत नव्हते. त्या एका तासासाठी त्यांनी संगणकाचे इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढले होते. (समजले किती, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती.)

स्वरूपा परीक्षकांना आणायला एसटी स्टँडवर गेली आणि यांनी प्रणाली चढवली. ती चढली, दोन संगणक जोडणारे नेटवर्क कार्ड मात्र पडद्यावरून नाहीसे झाले. हे कार्ड आपल्या ओळखीचे नाही, त्याची फ्लॉपी घाला, असे पडदा सांगू लागला.

फ्लॉपी देवघरात होती. त्या दिवशी खंडेनवमी. पूजेला बसलेली हत्यारे दसऱ्यापर्यंत उचलायची नसतात. संगणक तर चालू हवा. तेव्हा त्याच्या वतीने एखादी बिनकामाची फ्लॉपी बसवावी, ही तोड सकाळी दत्तोबांनीच काढली होती.

कोयता आणि खुरप्याच्या मधून त्यांनी ती ओढली. पत्नी विजयमालाबाई दारातच उभ्या होत्या.

"पूजा हलवली तुमी."

"ही नवी विद्या आहे. तुला नाही कळायची."

फ्लॉपी आत गेली. संगणक दमेकऱ्यासारखा घरघरला आणि फटीतून लाल भुकटी सांडली.

"कुंकू आतही लावलेस?"

"पत्र्याचं झापड सरकवून लावलं. देव काय कव्हरात असतो व्हय?"

परीक्षकांनी एकमेकांना न ओळखणारे दोन संगणक पाहिले, चहा घेतला आणि महिन्याने पुन्हा येतो म्हणाले. स्वरूपाने सांडलेले कुंकू फडक्याने पुसून काढले.

पुढे एमआयडीसीतला एक तंत्रज्ञ येऊन बोलता बोलता सारे नीट करून गेला. मान्यता आली. दत्तोबांनी कोटाला इस्त्री केली.

"आबा, मशिनीला हात लावू नका," स्वरूपा म्हणाली. "तुमी दारात बसा. पोरं चपला घालून आत येत्यात, धूळ जाती."

दारात खुर्ची टाकण्यात आली. वर्ग सुटला तेव्हा पळसदेवची एक मुलगी त्यांच्यापुढे अदबीने उभी राहिली आणि म्हणाली, "सर." दत्तोबांचा ऊर भरून आला. त्यांनी कोटाची गुंडी लावली.

"सर, माझी डावी चप्पल घावंना. जरा उठता का?"