मामाची ‘आपली कंपनी’

आमच्या वसंतामामाला चहासोबत बिस्किटं दिली, की तो आधी पुडा उलटा करून कंपनीचं नाव वाचतो. कंपनी ‘आपली’ असेल तर चार खातो. नसेल तर पुडा बोटानं सरकवून म्हणतो, “अबे विजू, दुसऱ्याचं घर काहून भरून राह्यला?”

‘आपली’ म्हणजे जिचे शेअर घरात आहेत अशी. शेलूबाजार गावी बसून या माणसानं आयुष्यभर सोयाबीन पिकवलं आणि उरल्यासुरल्या पैशांतून शेअर घेतले. तेही दरवर्षी लाभांश देणाऱ्या कंपन्यांचेच. विकला मात्र एकही नाही. “इकाचं नाई. संत्र्याचं झाड तोडून संत्रे खाते काय कोनी?”

मी एकदा त्याच्याच सल्ल्यानं घेतलेले शेअर विकून फ्रिज आणला. त्या फ्रिजातलं पाणी मामा आजतागायत प्यालेला नाही. माठ मागतो. माझ्या बायकोनं त्याच्यासाठी वेगळा माठ ठेवलाय. माझ्यासाठी ती इतकं कधी करत नाही.

कंपनीचा अहवाल आला, की आकड्यांआधी तो चेअरमनचा फोटो निरखतो. “औंदा हा मानूस हासून नाई राह्यला. घरी काई टेन्शन असन.” माझ्या मुलीच्या लग्नात तर त्यानं व्याह्यांना न्हाणीघराच्या दारात अडवून हातातला साबण बदलायला लावला. मी माफी मागत होतो, मामा म्हणत होता, “घ्या, आपल्या कंपनीचा हाय.”

हे सगळे शेअर मामीच्या नावावर. नवी वस्तू घरच्या लक्ष्मीच्या नावानं घ्यायची, ही आमच्याकडची रीत. लोक ट्रॅक्टर घेतात, मामानं शेअर घेतले. लाभांश जमा झाल्याचा मेसेज आला, की तो अंगणातून ओरडायचा, “सुमन, तुह्ये पैसे आले वं!”

आतून मामी, “किती?”

“अठ्ठावीस रुपये.”

“मंग साखर आना.”

अठ्ठावीस असोत की अठ्ठावीसशे, मामी साखरच मागायची.

मामी मागच्या वर्षी गेली. शेअर मामाच्या नावावर करणं भाग होतं, नाहीतर पुढे सगळं अडकलं असतं. हे काम अर्थातच माझ्या गळ्यात. वाशिमला शेअर दलालाच्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो, तर मामा फोटो विसरला. पुढच्या खेपेला आधार कार्ड. मग चष्मा. म्हणे, चष्म्याबिगर सही कशी करू? बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचणारा हा माणूस! परतताना जीपमध्ये मी असा फुगून बसलो होतो, की शेजारची बाई म्हणाली, “भाऊ, जरा आवरून बसा.”

शेवटी एका सकाळी मोटारसायकल घेऊन मीच त्याच्या दारात गेलो. फाटक उघडतोय, तोच मामाचा फोन वाजला. तो खाटेवर बसला होता, पाठ माझ्याकडे. त्यानं मेसेज वाचला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, “सुमन, तुह्ये पैसे आले वं!”

आणि थांबला. आत कुणाचे हात पिठात असले, की थांबतात तसा.

मग त्याला मी दिसलो. वाटलं, चिडेल. तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानं फोन पुसत म्हणाला, “माह्या नावावर झाले, की ते माह्ये पैसे. माह्ये पैसे आले, हे कोनाले सांगू बे?”

घरून पाठ करून आणलेलं सगळं भांडण माझ्या तोंडातच राहिलं. मी विचारलं, “किती?”

मामानं पुन्हा फोन बघितला. “चाळीस.”

“मंग साखर आना.”

तो उठला, आत गेला आणि पिशवी घेऊन आला. फोटो, आधार कार्ड, चष्मा, सगळं होतं. मोटारसायकलवर मागे बसताना म्हणाला, “चाल आफिसात. पन मी फोन करीन. उचलजो.”

आता पैसे आले, की तो कधीही फोन करतो. परवा मी साहेबांच्या केबिनमध्ये होतो. उचलला, आणि सगळ्यांदेखत विचारलं, “किती?”