सीटचा आवाज गेला तो दिवस

“त्या सीटच्या वाटेला जाऊ नकोस,” असं सासूबाईंनी तिला निदान तीनदा सांगितलं होतं. “वाजते तर वाजू दे. घरात कोण कुठे आहे तेवढं तरी कळतं.”

“आई, हे घर आहे. कोण आलं, कोण गेलं याची घोषणा व्हायला बसस्टँड नाही,” असं म्हणून ती मोबाईलवर ‘कमोड सीट आवाज उपाय’ शोधत राहिली होती.

तिचीही बाजू समजून घ्यायला हवी. बाळ नऊ महिन्यांचं. दात येत होते, त्यामुळे रात्र सगळी खांद्यावर. दुपारी दीडला ते कसंबसं झोपायचं, आणि नेमकी तेव्हा पॅसेजच्या टोकाच्या टॉयलेटमधली सीट वाजायची. साधी वाजत नसे ती. बसताना कर्रर्र, मग सगळी सीट डावीकडे सरकताना खट्, आणि शेवटी झाकण पडलं की धाड. पहिल्या कर्रर्रलाच ती हातातलं काम टाकून बाळाच्या खोलीकडे पळायची. आणि बघावं तर खरंच, बाळ डोळे उघडून ओठ काढायच्या तयारीत.

म्हणून घरात शांततेचा कायदा लागू झाला. दारावरच्या घंटीची तार निघाली. मिक्सर सकाळी नऊच्या आत. सासऱ्यांच्या चपला फटफट वाजतात म्हणून त्यांना घरातसुद्धा कॅनव्हासचे बूट. सासरे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. नियम दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. “लेखी काढलंस तर बरं,” एवढंच ते म्हणाले. तिने कागदावर लिहून फ्रिजला लावलं. कलम चार : दुपारी दीड ते साडेतीन कोणीही कोणाला हाका मारू नयेत व दारे वाजवू नयेत. त्यांनी खाली ‘वाचले’ असं लिहून तारखेसह सही केली.

राहता राहिली सीट. त्या दिवशी सकाळी नवरा ऑफिसला गेला आणि तिने बाह्या सरसावल्या. तीन व्हिडिओ पाहून झाले होते. सीटखालची रबरी बटणं झिजून चपटी झाली होती. तिने जुन्या स्लीपरच्या टाचेतून चार नवी कापली आणि चिकटवली. कमोडच्या खाली हात घालून, मान भिंतीला टेकवून, पकडीने नट आवळले. बिजागरीत बाळाचं तेल सोडलं. एवढं झालं तरी सीट खट् करून सरकतच होती. मग तिला दिसलं, बिजागरीच्या पट्टीला दोन स्क्रू हवेत, आहे एकच. सगळे खण धुंडाळले. भिंतीचे खिळे निघाले, सायकलचा नट निघाला, हवा तो स्क्रू काही निघेना. तेवढ्यात तिची नजर टॉयलेटच्या दाराला आतून लावलेल्या कडीवर गेली. कडीला चार स्क्रू. चारांची काय गरज? तिने एक काढला, बिजागरीला लावला, आणि तो असा काही बसला की जणू त्याचं लग्न तिथेच ठरलं होतं.

ती सीटवर बसली. उठली. पुन्हा बसली. डावीकडे झुकून बघितलं, उजवीकडे झुकून बघितलं. झाकण वरून सोडलं. काही नाही. कापसावर कापूस पडावा तसं. आनंदाने तिला ओरडावंसं वाटत होतं, पण घरात ओरडायला बंदी होती.

साडेबाराला सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे निघाल्या. पर्स काखेत अडकवता अडकवता म्हणाल्या, “यांना दोनची गोळी आठवणीने दे. आणि एकटं बाहेर सोडू नकोस हं. परवा जिन्यात तोल गेला होता, तुला सांगितलं नाही त्यांनी.”

“तुम्ही निर्धास्त जा, आई. मी आहे ना.”

दीडला बाळ झोपलं. दोनला ती गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेरच्या खोलीत आली, तर सासऱ्यांची खुर्ची रिकामी. त्यांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. आतली खोली रिकामी. गॅलरी रिकामी. तिने दाराशी पाहिलं. काठी जागेवर नव्हती. बूट नव्हते.

काठी नाही, बूट नाहीत, म्हणजे बाहेरच. ही सरळ बेरीज होती. बूट तर ते आता घरातच घालतात, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनपासून काठीशिवाय चार पावलंही टाकत नाहीत, हे तिला दिवसातून दहा वेळा दिसत होतं. पण घाबरलेल्या माणसाला रोजचं तेवढं आठवत नाही. ती पॅसेजच्या टोकापर्यंत गेली. टॉयलेटचं दार लावलेलं होतं, पण बाळ रांगायला लागल्यापासून ते कायम लावलेलंच असायचं. तिने कान दिला. ना कर्रर्र, ना खट्. म्हणजे आत कोणी नाही. तशा घाईतही, किती छान दुरुस्ती झालीये, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. दारापाशी वर्तमानपत्राचा एक कपटा पडला होता. दिसेल ते तोंडात घालायचं बाळाचं वय. तिने कपटा उचलून केराच्या डब्यात टाकला.

मग तिने नवऱ्याला फोन लावला.

“बाबा घरात नाहीयेत,” ती कुजबुजली.

“काय? मोठ्याने बोल.”

“बाळ झोपलंय.”

“हे सांगायला फोन केलास?”

“बाबा. काठी घेऊन. कुठेतरी. गेलेत.”

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. “न सांगता? बाबा? ते शेजारच्या दुकानात जातानासुद्धा अर्ज दिल्यासारखे सांगून जातात.”

“म्हणून तर फोन केला. जिन्यात तोल गेला होता म्हणे परवा. आता कुठे पडले असतील तर? आईंना काय तोंड दाखवू?”

“तू बाळाजवळ थांब. मी निघालोच.”

निघता निघता त्याने घरच्या ग्रुपवर वडिलांचा फोटो टाकला. हाताला लागला तो फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा. परगावी राहणाऱ्या नणंदेचा लगेच मेसेज : “बाबा केस काळे करून गेलेत का?” एका काकांनी ते नक्की बँकेत असणार असं कळवलं, दुसऱ्या काकांनी बँक आज बंद असल्याचं कळवलं, आणि दोघे तिथेच हमरीतुमरीवर आले. गेटवरच्या रखवालदाराने त्याला सांगितलं, काठीवाले आजोबा गेले ना, मघाशीच, डावीकडे. नवरा रिक्षा डावीकडे घेऊन गेला आणि दोन चौक ओलांडून त्याने एका काठीवाल्या आजोबांना गाठलं. ते दुसरेच आजोबा निघाले. पण त्यांनाही घरी सोडायला कोणीतरी हवंच होतं.

इकडे ती गॅलरी, दार, बाळाची खोली अशा फेऱ्या मारत होती. पॅसेजमध्ये पुन्हा एक कपटा. कुठून उडून येतात कोण जाणे. तोही डब्यात गेला.

अडीचला सासूबाई आल्या. अर्धा जबडा बधिर, तोंडात बोळा. घंटी नव्हतीच, म्हणून दारावर नखाने खाजवलं. तिने दार उघडलं आणि सासूबाईंना पाहताच रडू कोसळलं. तेही आवाज न करता.

“बाबा हरवले, आई. दोन वाजल्यापासून सापडत नाहीयेत. गोळीसुद्धा घेतली नाही त्यांनी.”

सासूबाईंनी बोळा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. “हा मानूश चाळीश वर्शं हरवला नाही. आज कशा हरवेल?” असं म्हणून त्या पाय धुवायला पॅसेजकडे वळल्या. आणि तिथेच थांबल्या. टॉयलेटच्या दाराखालून वर्तमानपत्राची एक पट्टी अगदी हळूहळू बाहेर येत होती. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. सासूबाईंनी वाकून ती उचलली. कोऱ्या समासात बारीक, वळणदार अक्षर होतं.

‘विषय : कडी. संदर्भ : माझ्या यापूर्वीच्या दोन चिठ्ठ्या. अद्याप उत्तर प्राप्त नाही. चहा झाला असल्यास माझा झाकून ठेवावा.’

ती केराच्या डब्याकडे धावली. पहिली चिठ्ठी बटाट्याच्या सालींत सापडली. ‘कडी अडकली आहे. घाई नाही. बाळ उठल्यावर उघडावे.’ दुसरी : ‘मी आत आहे, हे पहिल्या चिठ्ठीत नमूद करायचे राहिले.’

“बाबा,” तिने दाराला तोंड लावलं, “तुम्ही आवाज का नाही दिलात?”

“कलम चार,” आतून कुजबुज आली.

कडी आतून काही केल्या सरकेना. बाहेरून ढकललं तर आणखी फसली. शेवटी खालच्या मजल्यावर कपाट बसवत असलेल्या सुतारालाच बोलावून आणलं. त्याने हातोडा आणि छिन्नी काढताच ती आडवी आली.

“दादा, जरा हळू ठोकाल? बाळ झोपलंय.”

“वहिनी, हळू ठोकायचा हातोडा अजून निघाला नाही. बाबा, मागे सरा.”

“मागे कमोड आहे,” आतून उत्तर आलं.

“मग त्यावर बसा.”

पाच दणके बसले. भिंतीवरचं घड्याळ हललं, वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकीतून डोकावून काय झालं ते विचारलं. ती दोन्ही हात स्वतःच्याच कानांवर ठेवून उभी होती, जणू त्यामुळे बाळाला ऐकू येणार नव्हतं. सहाव्या दणक्याला दार उघडलं. सासरे काठी मांडीवर आडवी ठेवून झाकणावर बसले होते. शब्दकोडं पूर्ण सुटलं होतं.

“बाळ उठलं का?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

सुताराने कडी हातात घेऊन फिरवली. “तीनच स्क्रूंवर होती. एका अंगाला कलली नि फसली. चौथा कुणी काढला?”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने सीटकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच सीटकडे पाहिलं. सुताराने वाकून बिजागरी बघितली, बोटाने दाबून पाहिली, आणि मान हलवली. “बसवलाय मात्र झकास.”

त्याच वेळी नवरा धापा टाकत आत आला, बूट घातलेले वडील पाहिले आणि त्यांना घट्ट धरून उभा राहिला. वडील म्हणाले, “अरे, ऑफिस सुटलं नाही ना अजून?”

एवढ्यात तिला बाळाची आठवण झाली. सहा दणके. ती धावली. दार लोटलं, पडदा सारला, वाकून नाकाशी बोट धरलं. बाळ गाढ झोपलं होतं. बोटाच्या स्पर्शाने त्याने डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि घरभर ऐकू जाईल असा टाहो फोडला.

“रोज हेच,” पॅसेजमधून सासऱ्यांचा आवाज आला, आता नेहमीच्या पट्टीतला. “सीट वाजते, तू पळतेस, दार उघडतेस, नाकाला बोट लावतेस. मग ते उठतं. मी आत बसून ऐकतो, बाहेर येताना बघतो ना सगळं.”

“बाबा, मग कधी बोलला का नाहीत?”

ते जरा ओशाळले. “तुला किती काळजी असते ते दिसतं मला. त्यात आणखी मी कशाला?”

तिने बाळाला कडेवर घेतलं, गोळी आणली, पेला त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी ती गिळेपर्यंत तिथेच उभी राहिली. तेव्हा तिला कळलं, रडणाऱ्या माणसाची चिंता नसते, ते आपल्याला बोलावतं. आपल्यामुळे कुणाला त्रास नको म्हणून जे मुकाट बसतं, ते एका दाराआड असूनही हरवतं. असं माणूस बहुतेक घरांत असतं. तुमच्या घरातल्या त्या माणसाचा गेल्या अर्ध्या तासात काही आवाज आला का? आठवत नसेल तर ही गोष्ट बाजूला ठेवा, उठा, आणि दार जरा जोरातच वाजवून या.